मज्जा-आप्पा

मज्जा-आप्पांच्या घरी पहिल्यांदा गेलेल्या माणसाला पाण्याच्या तांब्याआधी गुडघ्यावर फटका मिळायचा. सोप्यात एक उंच बाक होता. त्यावर पाहुण्याला बसवायचं, पाय लोंबते सोडायला लावायचे आणि पाऊसपाण्याची चौकशी करता करता कोटाच्या खिशातून लाकडी हातोडी काढून गुडघ्याच्या वाटीखाली टण्णदिशी मारायची. पाय आपोआप उडायचा. एकदा लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेल्या भटजींचा पाय असा उडाला की त्यांच्याच हातातलं अक्षतांचं तबक अंगणात जाऊन पडलं. भटजी संतापून निघून गेले. आप्पा खूश होते.

"बघितलासा?" ते मला म्हणाले. "मेंदूला इचारलंच न्हाय. निरोप पाठीच्या कण्यापतूर गेला आणि तिथनंच हुकूम सुटला. तालुक्यातच निकाल, जिल्ह्याला खबर न्हाय."

त्यांचं खरं नाव परशराम. येळ्ळूरच्या शेतकरी घरातले. घरातला पहिला हुशार पोरगा म्हणून भावांनी त्यांना पुण्याला डॉक्टरकी शिकायला धाडलं होतं. ते डॉक्टर काही झाले नाहीत. शरीराचे कापे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून विद्यार्थ्यांना समजावून सांगायचं काम त्यांना तिथंच मिळालं, आणि त्यातच ते रमले. पन्नाशीच्या आत ते अचानक काम सोडून आले आणि शहापुरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहिले. लग्न नाही, मूल नाही. भाऊ येळ्ळूरहून भात पाठवायचे. का आलात म्हणून कुणी विचारलं तर पुण्याची हवा मानवली नाही एवढंच सांगायचे.

मज्जातंतू, मज्जापेशी, मज्जारज्जू. त्यांच्या प्रत्येक वाक्यात एक तरी मज्जा असायचीच, म्हणून गल्लीनं हे नाव ठेवलं. नव्या माणसाला नाव ऐकून वाटायचं, गमत्या गृहस्थ असेल. तासाभरानं तो माणूस आमच्या दारावरून मान खाली घालून जाताना दिसायचा.

मी त्यांच्या शेजारी कशी, तेही सांगते. माझं लग्न लहानपणी झालं आणि लहानपणीच संपलं. वडील विणकर. त्यांनी लोकांचं ऐकून न घेता मला ट्रेनिंगला घातलं, आणि ते गेल्यावर मुलींच्या शाळेतल्या माझ्या नोकरीवर आई आणि मी दोघी राहत होतो. आई दिवसभर चरख्यावर विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरायची. गल्लीत सकाळपासून मागांचा खटखटाट, आणि त्या खटखटाटावर आवाज चढवून मज्जा-आप्पांचं व्याख्यान.

आई माळकरी होती. तिच्या दृष्टीनं आप्पांचा सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे बकऱ्याचा मेंदू. दर आठवड्याला ते खडेबाजाराच्या मागं कसायाकडं जायचे आणि पितळी डब्यातून मेंदू नाहीतर पाठीच्या कण्यातली दोरी घेऊन यायचे. खाण्यासाठी नव्हे. तेही माळकरीच. कसायालासुद्धा हे पटत नसे. चांगला माल वाया घालवतो म्हणून तो बडबडायचा. घरी आणून ते औषधात मुरवायचे, मग वस्तऱ्यानं पातळ काप काढायचे आणि चांदीच्या क्षारात रंगवायचे. त्या क्षारानं त्यांची बोटं कायम काळी असत, आणि वस्तऱ्यानं कापून घेतल्यामुळं एखाद्या बोटाला चिंधी असेच. परड्यात उग्र वास सुटायचा. आईनं मधल्या भिंतीवर तुळशीच्या कुंड्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. त्यांचा वासापुढं काही इलाज चालत नसे.

काप चांगला उतरला की आम्हाला बोलावणं यायचं. नाही म्हणण्याची सोय नव्हती, कारण न गेल्यास ते सूक्ष्मदर्शकाचं यंत्रच उचलून आमच्या सोप्यात आणायचे. मी डोळा लावला की पिवळ्या जमिनीवर एक काळी आकृती दिसायची. उपटलेला भुईमुगाचा वेल उलटा धरावा तशी.

"ही मज्जापेशी," आप्पा सांगायचे. "हे मधलं हाय ते तिचं अंग. ह्या सगळ्या बारक्या फांद्या ऐकायच्या. आणि हा एकच लांब तंतू, तो बोलायचा. ऐकायला फांद्या ढीगभर, बोलायला एकच. माणसानं बी असंच असाया पायजे."

हे सांगताना ते स्वतः तासभर बोललेले असायचे. प्रत्येक वाक्यानंतर "पोचला का निरोप?" असं विचारायचे, आणि मी हो म्हणेपर्यंत पुढं जात नसत. दिवसभर मुलींना शिकवून घरी यावं आणि इथं आपणच पहिलीत बसावं, ही काय शिक्षा होती ते मलाच ठाऊक.

आई यंत्राला डोळा लावत नसे, पण चरख्यावरून उत्तरं द्यायची. आप्पांनी एकदा सांगितलं की एका पेशीचा तंतू दुसरीला चिकटलेला नसतो, मध्ये बारीक फट असते, त्या एकमेकींना शिवत नाहीत आणि तरी निरोप पलीकडं जातो. आई म्हणाली, "मग बऱ्या हाईत की. सोवळ्यातल्या दिसत्यात." आणखी एकदा ते म्हणाले की मेंदूत दुसऱ्याही बारक्या पेशी असतात, त्या निरोप देत नाहीत, घेत नाहीत, नुसत्या भोवतीनं राहतात, मोठ्या पेशींना आधार देतात, मेलेलं-सांडलेलं उचलून टाकतात. आईनं कांडी बदलता बदलता विचारलं, "म्हणजे बायका?" आप्पा गंभीरपणे म्हणाले की असं त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

अशी आमची वर्षं चालली होती. मग त्या दिवाळीला माझा हात कापला.

साफसफाई चालली होती. कंदिलाची काच पुसताना ती हातातच फुटली आणि उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला खोल शिरली. आईनं हळद भरली, फडकं बांधलं. तिच्या ओरडण्यानं आप्पा धावत आले. मला वाटलं, धीर देतील. त्यांनी कोटाच्या कॉलरमधून टाचणी काढली, मला डोळे मिटायला सांगितले आणि माझी बोटं टोचू लागले. करंगळीला टोचलं ते कळलं. अंगठ्याला, पहिल्या बोटाला, मधल्या बोटाला टोचलं ते मला कळलंच नाही. टोचून झालं का, असं मी विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"आक्का, तांगा बोलवा," ते आईला म्हणाले. "आतला तंतू तुटलाय."

शहापूर तेव्हा संस्थानात आणि बेळगाव इंग्रजांत. मोठा दवाखाना हद्दीपलीकडं. टांग्यात मी हात छातीशी धरून बसलेली, आई देवाचं नाव घेत बसलेली, आणि आप्पा टांगेवाल्याला मज्जातंतूवरच्या चरबीच्या वेष्टणाची माहिती देत होते. वेष्टणामुळं निरोप कसा घोड्यापेक्षा जलद धावतो, हा त्या टांगेवाल्याला घोड्याचा अपमान वाटला आणि त्यानं मुद्दाम सावकाश हाकलं. त्या वेळी मला दोघांचाही गळा दाबावासा वाटला होता; हात एकच चालत होता म्हणून राहिलं.

दवाखान्यातले डॉक्टर सकाळपासून उभे होते. त्यांनी जखम धुतली आणि वरची कातडी शिवायला सुई घेतली. आप्पांनी त्यांचं कोपर धरलं. सगळी खोली बघत राहिली. डॉक्टरांनी इंग्रजीत काहीतरी खडसावलं. आप्पांनी मराठीतच उत्तर दिलं की कातडी नंतर, आधी आतली दोन टोकं एकमेकांसमोर आणून बारीक रेशमानं शिवा.

"तुम्ही डॉक्टर आहात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाय. नापास हाय. पर टोचून बघा की तिला."

शिपायांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. मी लाजेनं अर्धी झाले. पण डॉक्टरांनी खरोखर टोचून बघितलं, थोडा वेळ विचार केला आणि वरच्या सर्जनसाहेबांना बोलावलं. मला गुंगी दिली गेली. जागी झाले तेव्हा हात फळीला बांधलेला होता आणि बाहेरच्या पायरीवरून आप्पांचा आवाज येत होता. ते शिपायाचा गुडघा तपासत होते.

जखम भरली, फळी सुटली. बोटं मात्र लाकडाची राहिली. आणि माझ्या खऱ्या छळाला तिथून सुरुवात झाली.

आप्पांचं म्हणणं असं की तुटलेल्या जागेपासून पुढचा तंतू मेला असला तरी पेशी मेलेली नाही. ती वर, पाठीच्या कण्यापाशी बसली आहे. पेशी मेली तर दुसरी येत नाही. पण तंतू तुटला तर पेशी परत सूत काढते, आणि ते सूत जुन्या वाटेनं बोटाकडं यायला निघतं, रोज केसभर. म्हणून रोज सकाळी, मी शाळेला निघायच्या आत, ते हातोडी घेऊन हजर. लोक बोलू नयेत म्हणून आईच्या समोर, रस्त्यावरून दिसेल असं, सोप्यातच बसायचं. माझ्या हाताला ते बोट लावत नसत. हातोडीच्या टोकानं मनगटापासून पुढं हळूहळू ठोकत जायचे. ज्या जागी बोटांत मुंग्या आल्यासारखं व्हायचं तिथवर सूत पोचलं. तिथं निळ्या शाईचा ठिपका.

तो ठिपका पुसला जाऊ नये म्हणून मी हात जपून धुवायचा. शाळेत मुली कुजबुजायला लागल्या की बाईंनी या वयात गोंदवून घेतलंय. भाजीवालीपासून पाणक्यापर्यंत सगळे विचारायचे, "बाई, आज कुठवर आलं?" जसा काही माझ्या हातावरून रेल्वेचा रस्ता चालला होता. फळ्यावर मी डाव्या हातानं लिहायची. अक्षरं अशी यायची की पहिलीतल्या मुलींना माझी दया येऊ लागली.

एकदा मी तव्यावरची भाकरी उलटायला गेले आणि कातडं जळल्याचा वास आला. बघते तो माझीच बोटं तव्याला टेकलेली. काही कळलं नव्हतं. टरारून फोड आले. आप्पा माझ्यावर इतके रागावले की मला वाटलं, बोटं त्यांचीच भाजली आहेत. त्यांनी मला चुलीपाशी जायची बंदी केली. आईनं विचारलं, मग पोरीनं उपाशी राहायचं का. त्यावर त्यांनी मला नाही, आईला तासभर वेदनेचे फायदे समजावून सांगितले.

मग आली पिशवी. पिशवीत हरभरा, चिंचोके, तूर, खडे, गुंड्या. डोळे मिटायचे, ते एकेक वस्तू चिमट्यानं माझ्या बोटांवर ठेवणार, मी नाव सांगायचं. तंतू नवे येतात तेव्हा त्यांना काही ठाऊक नसतं, त्यांना शिकवावं लागतं, असं त्यांचं मत. मी चिंचोक्याला हरभरा म्हणायची, खड्याला गुंडी म्हणायची. बहुतेक वेळा काही ठेवलंय हेच कळायचं नाही. मुलींना गणित शिकवणारी बाई, आणि रोज सकाळी तुरीच्या दाण्यापुढं नापास.

शिमग्याच्या सुमारास ठिपका तळहाताच्या मध्यावर आला आणि तिथंच बसला. पुढं सरकेना. त्यातच शाळेत मला सांगण्यात आलं की श्रावणात तपासणीला साहेब येतील. तोवर बाईंना उजव्या हातानं फळ्यावर लिहिता आलं नाही तर नोकरीचं काही सांगता येणार नाही. घरी येऊन मी आईला हे सांगितलं नाही. ती नोकरी गेली तर आईच्या कांड्यांवर दोघींचं पोट भरणार नव्हतं, आणि एकट्या विधवेला दुसरीकडं कोण उभं करणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा पिशवी घेऊन आले आणि म्हणाले, "डोळं मिटा."

मी पिशवी त्यांच्या हातातून हिसकावली आणि परड्यात भिरकावून दिली. तुमचे तंतू गेले खड्ड्यात, असं मी म्हणाले. तुम्हाला खेळायला हात मिळालाय म्हणून तुम्ही येता, असंही म्हणाले. आणखीही काही बोलले असेन.

आप्पा वळले. ते परड्यात गेले, खाली बसले आणि मातीतून एकेक दाणा वेचू लागले. मी भिंतीकडं तोंड करून उभी होते. मग आईचा चरखा थांबला.

"आप्पा," ती म्हणाली, "हातातनं रक्त गळतंय तुमच्या."

आप्पांनी मान वर केली. "कुठल्या?" त्यांनी विचारलं.

मी वळून बघितलं. ते आपले दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून आलटून पालटून बघत होते. उजव्या हाताच्या अंगठ्यात फुटक्या बांगडीचा तुकडा रुतून उभा होता. वेचलेल्या हरभऱ्यांना रक्त लागलं होतं. त्यांना तो तुकडा दिसेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नव्हतं.

मी त्यांना आत आणून बाकड्यावर बसवलं. त्या दिवशी ते पहिल्यांदा थोडक्यात बोलले. बधिरपणाची सुरुवात पायांच्या बोटांपासून झाली होती, पुण्यात असतानाच. सगळ्यात लांब तंतू आधी वाळतात. मग तळपाय, मग हाताची बोटं. एक दिवस विद्यार्थ्यांपुढं काप काढताना वस्तरा बोटात गेला आणि पोरं किंचाळली तेव्हा त्यांना समजलं. काम सुटलं. चार मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. महारोग नव्हे, एवढं नक्की सांगितलं. काय आहे ते कुणाला सांगता आलं नाही.

"मग कुणाला बोलला का न्हाईसा?" आईनं विचारलं.

"महारोग न्हाय हे मला ठावं हाय, आक्का. गल्लीला कोण पटवून देणार?"

थोड्या वेळानं ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाई, माझे तंतू जाताना मी रोज बघतोय. येताना कसं येतंय ते एकदा बघावं वाटलं. तुम्हास्नी तरास झाला."

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच हात पुढं करून बसले. ठिपका आणखी काही दिवस हलला नाही. मग एकदा सकाळी हलला. मृगाच्या आधी मधल्या बोटाच्या पेरात मुंग्या आल्या, आणि आषाढात मी डोळे मिटून चिंचोक्याला चिंचोका म्हटलं. आप्पांनी तोच प्रयोग इतक्या वेळा करून घेतला की शाळेची घंटा चुकली आणि मी पुन्हा त्यांच्यावर ओरडले. श्रावणात साहेब आले. मी उजव्या हातानं फळ्यावर तारीख आणि एक सुविचार लिहिला. अक्षर पूर्वीसारखं नव्हतं आणि पुढंही कधी झालं नाही, पण साहेबांना ते चाललं. नोकरी राहिली.

आप्पा सुधारले असं कुणी समजू नये. पाहुण्यांच्या गुडघ्यांना फटके बसत राहिले, परड्यातला वास तसाच राहिला. काप मात्र आता मी काढून द्यायची, रविवारी, आई देवळात गेली की. तिला ते ठाऊक होतं, म्हणून ती मुद्दाम उशिरा परतायची.

आईबद्दल एक सांगायचं राहिलं. रक्ताचा तो प्रकार झाला त्याच संध्याकाळी तिनं आप्पांना हाक मारून आमच्या दारापुढच्या कट्ट्यावर बसायला सांगितलं. आत नाही, बाहेर. माग थांबायची वेळ होती. विणकर घरी चालले होते, बायका दारात उभ्या होत्या. आई आप्पांहून वयानं मोठी. ती खालच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "पाय इकडं करा." आप्पा उठायला लागले. "बसा म्हणते न्हवं," ती म्हणाली, आणि त्यांचा पाय ओढून आपल्या मांडीवर घेतला. टाचेत जुना काटा होता, पिकलेला. बोटांच्या बेचक्यात खडा रुतला होता. तिनं सुईनं काटा काढला, तळवा गरम पाण्यानं पुसला, तेल लावलं, मग दुसरा पाय घेतला. सगळी गल्ली बघत होती, आणि तिनं कुणाकडं वर मान करून बघितलं नाही.

त्यानंतर रोज दिवेलागणीच्या आधी ते दोघं तिथं दिसायचे. आई पाय तपासायची आणि बकऱ्याच्या मेंदूवरून त्यांना अखंड बोलायची. आप्पा मान खाली घालून तिच्या हाताकडं बघत राहायचे. तेवढा वेळ ते कुणाला काही शिकवत नसत.